शेजारचं कुत्रं रात्रभर भुंकतंय? सोलापुरात कुठून सुरू करायचं, काय टाळायचं

शेजारच्या कुत्र्याच्या भुंकण्यानं झोप उडालीय आणि नेमकं काय करावं ते कळत नाहीये, अशा लोकांसाठी हे लिहितोय. जुळे सोलापुरातल्या आमच्या गल्लीत आम्ही हे सगळं भोगलंय. रो हाऊस, भिंतीला भिंत, शेजारच्या गच्चीवर बांधलेलं मोठं कुत्रं, घरात दहावीची पोरगी, आणि अर्धशिशीनं रात्र रात्र डोकं धरून बसणारी बायको. आमचा मार्ग निघाला, कोर्टाची पायरी न चढता निघाला, पण तो निघेपर्यंत ज्याला विचारावं तो एकतर "सरळ पोलिसात द्या की" म्हणायचा नाहीतर "सोडून द्या ओ, मुकं जनावर आहे" म्हणायचा, आणि या दोन टोकांच्या मधे जे करायचं असतं ते कोणीच सांगत नव्हतं.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. तक्रारीनं मालक हलतो, कुत्रं नाही. नोटीस गेली म्हणून कुत्रं गप्प बसत नाही. त्याची बांधायची जागा बदलली, रोजचं फिरणं सुरू झालं, एकटं पडणं कमी झालं तरच आवाज कमी होतो. म्हणून पुढची प्रत्येक पायरी चढताना स्वतःला हेच विचारायचं की यानं त्या कुत्र्याच्या दिवसात काय बदलणार आहे. काहीच बदलणार नसेल तर ती पायरी नुसती भांडण वाढवते.

१. बोलायला जायच्या आधी वही घाला

साधी दोनशे पानी वही चालते, मोबाईलमधल्या नोट्स पण चालतात. किमान आठ-दहा दिवस लिहा. तारीख, किती वाजता सुरू झालं, किती वेळ चाललं, कुत्रं कुठं होतं, आणि त्या वेळी आजूबाजूला काय चाललं होतं. हा शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि लोक नेमका तोच सोडतात.

आपल्याकडं पाणी रोज येत नाही, काही दिवसाआड येतं आणि कधी कधी भलत्याच वेळेला येतं, मग गल्लीत मोटारी सुरू होतात, गेट वाजतात, लोक पाईप घेऊन बाहेर पडतात आणि गल्लीतली सगळी कुत्री जागी होतात. तो दिवस नोंदवताना "पाण्याचा दिवस" असं लिहाच. घंटागाडी, दूधवाला, पेपरवाला, शेजारच्या बोळातली भटकी कुत्री, लाईट गेली, वरात गेली, हे सगळं लिहा. आठ दिवसानं वही बघितली की चित्र बऱ्यापैकी दिसायला लागतं. आमच्या वहीत निघालं ते असं की घरातले सगळे झोपायला खाली गेले की अर्ध्या तासात भुंकणं सुरू व्हायचं आणि कोणीतरी वर गेलं की थांबायचं, म्हणजे चोर नाही, मांजर नाही, कुत्रं माणसांना हाका मारत होतं.

वहीसोबत दोन-तीन रेकॉर्डिंग करा. स्वतःच्या घरात उभं राहून करायचं, खिडकी आणि घड्याळ दिसेल असं. शेजाऱ्याच्या घरात, अंगणात, बायकामाणसं दिसतील अशा बाजूला कॅमेरा अजिबात वळवू नका, नाहीतर उलट तुमच्यावरच तक्रार होईल आणि ती रास्त असेल. मोबाईलवरची डेसिबल मोजायची ॲप स्वतःच्या अंदाजासाठी ठीक आहेत, पण फोनचा माईक प्रमाणित केलेला नसतो त्यामुळं पुरावा म्हणून त्या आकड्याला फारसं वजन नसतं.

२. ते का भुंकतंय हे समजून घ्या

ही पायरी लोकांना फालतू वाटते. "मी कशाला त्यांच्या कुत्र्याचा विचार करू?" असं मलाही कित्येकांनी विचारलं. पण शेजाऱ्याकडं जाऊन "तुमचं कुत्रं लई भुंकतंय" म्हणणं वेगळं आणि "तुम्ही खाली गेलात की ते एकटं पडतंय, म्हणून भुंकतंय बहुतेक" म्हणणं वेगळं. दुसऱ्या वाक्यावर माणूस विचार करतो, पहिल्यावर फक्त चिडतो.

साधारण कारणं अशी असतात:

गेटवर किंवा गच्चीच्या कठड्याला बांधलेलं कुत्रं. त्याला रस्त्यावरचं सगळं दिसतं आणि दिसणारं प्रत्येक माणूस, गाडी, दुसरं कुत्रं त्याला हाकलायचं असतं. माणूस तसाही पुढं निघून जातो, पण कुत्र्याला वाटतं आपण भुंकलो म्हणून गेला, मग ते दुसऱ्या वेळी अजून जोरात भुंकतं. इथं उपाय स्वस्त आहे. गेटला आतून हिरवी शेडनेट किंवा पत्रा लावून नजर अडवायची, आणि रात्री बांधायची जागा रस्त्यापासून लांब, शक्यतो घरात घ्यायची.

दिवसभर साखळीला आणि फिरवणं शून्य. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड असली कुत्री हौसेनं आणतात, पिल्लू असताना सगळे खेळवतात, मोठं झालं की ते गच्चीवर जातं. अशा कुत्र्याची ताकद खर्चच होत नाही. सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास नीट चालवलं तरी रात्रीत फरक पडतो. उन्हाळ्यात मात्र पहाटे आणि अंधार पडल्यावरच, कारण एप्रिल-मे मधे आपल्याकडं पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या वर जातो आणि दुपारच्या डांबरी रस्त्यावर कुत्र्याचे पंजे भाजतात.

ऊन आणि पाणी. पत्र्याच्या शेडखाली किंवा उघड्या गच्चीवर दुपारी बांधलेलं कुत्रं तहानेनं आणि उकाड्यानं भुंकतं, रडतं. पाण्याचं भांडं पालथं झालं की संध्याकाळपर्यंत कोणी बघत नाही. दुपारच्या भुंकण्यात हे कारण आधी तपासा.

एकटेपणा. नवरा-बायको दोघं नोकरीला, पोरं शाळेत, कुत्रं आत कोंडलेलं. मालकाला हे माहितीच नसतं कारण तो असताना कुत्रं शांत असतं. तुम्ही सांगितल्यावर तो मनापासून म्हणतो "आमचं कुत्रं भुंकतच नाही ओ". खोटं बोलत नाही तो. अशा वेळी तुमची वही आणि रेकॉर्डिंग कामी येतं.

दुखणं आणि वय. कान पिकलेला, अंगावर गोचिड, सांधे धरलेले, किंवा म्हातारपणी रात्र-दिवसाचा अंदाज गेलेला. अचानक सुरू झालेलं भुंकणं असेल तर आधी डॉक्टरला दाखवायला सांगा.

परिसरात मादी माजावर असेल तर नर कुत्री काही दिवस रात्रभर गोंधळ घालतात. हे थोड्या दिवसांचं असतं, तेवढ्यासाठी शेजाऱ्याशी संबंध बिघडवू नका. तसंच दिवाळीचे फटाके, सिद्धेश्वरांच्या यात्रेतलं होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम, लग्नातला डीजे, या दिवसांत घाबरून भुंकणारं कुत्रं वर्षभर त्रास देणारं नसतं. ते दिवस वहीत वेगळे खुणा करून ठेवा आणि तक्रारीत धरू नका.

३. समोरासमोर बोला, पण वेळ बघून

रात्री दीडला गेट वाजवून बोललेलं कधीच कामाला येत नाही. झोप तुमचीही मोडलेली, त्यांचीही मोडलेली, आणि वरून आख्खी गल्ली ऐकत असते. रविवारी सकाळी अकराच्या सुमारास, नाहीतर संध्याकाळी चहाच्या वेळेला जा. एकटं जा किंवा नवरा-बायको दोघं जा. पाच-सहा जणांचा घोळका घेऊन गेलात तर माणसाला वाटतं हे भांडायलाच आलेत.

कोणाशी बोलायचं हेही बघा. ज्या घरात कुत्र्याचं खाणंपिणं सून बघते तिथं सासऱ्याला सांगून उपयोग नाही, तो नुसता घरात ओरडणार. आपल्या सोलापुरात शेजार म्हणजे मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू सगळं एकत्र असतं, तर घरातली आजी तेलुगूतच मोकळी बोलत असेल तर तेलुगू येणारं ओळखीचं कोणी सोबत न्या. यानं निम्मा ताण तिथंच उतरतो.

सुरुवात कशी करायची याचा नमुना देतो, शब्द तुमचे वापरा:

"आण्णा, पाच मिनिटं आहेत का? तक्रार म्हणून नाही आलो. रात्री तुम्ही खाली झोपायला गेलात की शेरू वर बराच वेळ भुंकतोय, बहुतेक एकटं वाटतंय त्याला. पोरीची दहावी आहे, आणि घरात हिला डोकेदुखीचा त्रास आहे. रात्री त्याला खाली जिन्यापाशी आणून बांधता येतंय का, आठवडाभर करून बघू या का?"

यात चार गोष्टी आहेत बघा. कुत्र्याचं नाव घेतलं, कारण सांगितलं, आपली अडचण सांगितली, आणि एकच, जमेल असं काहीतरी मागितलं, तेही आठवडाभरापुरतं. "काहीतरी करा" असं मागू नका. त्या माणसाला खरंच माहिती नसतं काय करायचं. जमलं तर मदत पण देऊ करा, म्हणजे "दुपारी आम्ही घरीच असतोय, पाण्याचं भांडं आम्ही भरत जाऊ का" असं. आमच्या बाबतीत गेटच्या शेडनेटचे पैसे निम्मे-निम्मे वाटून घेतले आणि त्यानंतर बोलणं एकदम सोपं झालं.

तुमची झोपायची वेळ वेगळी असेल तर ती सांगा. पूर्व भागात यंत्रमागावर रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपतो, हॉस्पिटलात ड्युटी करणारे पण तसेच. समोरच्याला ते माहिती असेलच असं नाही, आणि रात्रीच्या आवाजाचा नियम दिवसा झोपणाऱ्याच्या फार कामाचा नाही, तिथं सांगून समजावूनच भागवावं लागतं.

समोरचा चिडला तर? चिडू द्या. "बरं, विचार करा आण्णा, मी आठ दिवसानं परत येतो" म्हणून उठा. पहिल्या भेटीत माणूस स्वतःचा बचावच करतो, दुसऱ्या भेटीपर्यंत त्याच्या घरात बोलणं झालेलं असतं.

४. आठ-पंधरा दिवसानं एक चिठ्ठी

तोंडी बोलून फरक नाही पडला तर साध्या कागदावर लिहून द्या. वकिलाची नोटीस नको, अजून नको. मजकूर एवढाच:

"अमुक तारखेला आपण बोललो होतो. त्यानंतरही रात्री अकरा ते दोनच्या दरम्यान भुंकणं चालू आहे, नोंद सोबत जोडली आहे. रात्री कुत्र्याला घरात किंवा जिन्याखाली ठेवावं आणि सकाळ-संध्याकाळ फिरवावं ही विनंती. शेजारी म्हणून काही मदत लागली तर सांगा."

खाली तारीख, सही. एक प्रत स्वतःकडं ठेवा, देताना फोटो काढा. ही चिठ्ठी पुढं खूप कामाला येते कारण पुढचा प्रत्येक माणूस, सोसायटीचा सेक्रेटरी असो की ठाण्यातला हवालदार, पहिला प्रश्न हाच विचारतो की तुम्ही त्यांच्याशी बोललात का.

भाड्यानं राहत असाल तर घरमालकाला पण एक प्रत द्या. भाडेकरू आहोत म्हणून गप्प बसायची गरज नाही, शांत झोपेचा हक्क तुम्हालाही तेवढाच आहे.

५. सोसायटी, अपार्टमेंट, गल्ली

सोसायटीत असाल तर सेक्रेटरीच्या नावानं अर्ज आणि पोच घ्या, म्हणजे तुमच्या प्रतीवर सही-शिक्का. कमिटीच्या बैठकीत विषय घ्यायला सांगा. पण एक पक्कं समजून घ्या, सोसायटी "कुत्रं पाळायचंच नाही" असा ठराव करू शकत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानं २०१५ मधे पाळीव प्राण्यांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्यात, त्यात असल्या बंदीला साफ नाही म्हटलंय, भुंकणं हा कुत्र्याचा नैसर्गिक स्वभाव आहे असंही म्हटलंय, पण त्याच सूचनांमधे सतत भुंकण्यानं शेजाऱ्यांना त्रास होतो, म्हणून मालकांनी विशेषतः रात्री कुत्रं शांत राहील याचे सगळे प्रयत्न करावेत असंही सांगितलंय. म्हणजे दोन्ही बाजूंचं त्यात आहे. कमिटीसमोर हीच ओळ ठेवा, बंदीची मागणी ठेवू नका.

गल्लीत राहत असाल तर अजून कोणाला त्रास होतोय ते शांतपणे विचारा आणि होत असेल तर त्यांच्या पण नोंदी घ्या. फक्त तुमच्याच घराला त्रास असेल तर पुढं ती वैयक्तिक बाब ठरते, चार-पाच घरांना असेल तर प्रकरणाला वजन येतं.

व्हॉट्सॲप ग्रुपवर हा विषय टाकू नका. मी बघितलंय, एका व्हॉईस नोटवरून दोन घरं वर्षभर बोलत नाहीत. ग्रुपवर माणूस उत्तर शेजाऱ्याला देत नसतो, बघणाऱ्यांना देत असतो.

शहराबाहेर, आसपासच्या गावांत असाल तर गावची तंटामुक्ती समिती हा चांगला रस्ता आहे. राज्यात २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम चालू झाली ती याच असल्या वादांसाठी, आणि गावातल्या चार वडीलधाऱ्यांसमोर झालेलं बोलणं माणूस सहसा मोडत नाही.

६. महापालिका आणि पोलीस, कोण काय करू शकतं

इथं सगळ्यात जास्त गैरसमज आहेत म्हणून नीट वाचा.

महापालिकेची कुत्री पकडायची गाडी पाळीव कुत्रं उचलून नेत नाही. ती मोकाट कुत्र्यांसाठी असते. पाळीव कुत्र्याबाबत महापालिकेत लेखी अर्ज द्यायचा तर तुमच्या भागाच्या विभागीय कार्यालयात द्या, किंवा इंद्रभुवनमधे, म्हणजे महापालिकेच्या मुख्य इमारतीत, आवक कक्षात देऊन पोच घ्या. कुत्र्याची नोंदणी आणि रेबीजची लस झालीय का हे तपासायची विनंती अर्जात करा. घाण, वास, रस्त्यावर मोकळं सोडणं असे प्रश्न सोबत असतील तर ते वेगळ्या मुद्द्यात लिहा.

पोलिसांबद्दल. ज्या ठाण्याच्या हद्दीत घर येतं तिथंच जा, विजापूर नाका, सदर बझार, फौजदार चावडी, जेलरोड, सलगर वस्ती, एमआयडीसी, जोडभावी पेठ, जे तुमचं असेल ते. नुसत्या भुंकण्यावर एफआयआर होत नाही. सार्वजनिक उपद्रव हा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २७० मधे सांगितलाय आणि कलम २९२ खाली शिक्षा एक हजार रुपयांपर्यंत दंड एवढीच आहे. तो अदखलपात्र आहे, म्हणजे पोलीस एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतील आणि तुम्हाला प्रत देतील, न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करणार नाहीत. आणि सार्वजनिक म्हणजे आजूबाजूच्या लोकांना, एकट्या माणसाला नाही. म्हणूनच मघाशी चार घरांच्या नोंदी म्हटलो.

तरीही ठाण्यात अर्ज द्यायचा उपयोग आहे. बऱ्याचदा बीटचे अंमलदार, म्हणजे तुमचा भाग बघणारे पोलीस, दोघांना बोलावून समजावतात आणि त्या समजावण्यानं काम होतं. जाताना तुमची भाषा "त्यांच्यावर कारवाई करा" अशी न ठेवता "रात्री कुत्रं घरात ठेवावं एवढं त्यांना समजावून सांगा" अशी ठेवा. ११२ नंबर तातडीच्या कामासाठी आहे. मारामारीची वेळ आली, धमकी आली, कुत्रं अंगावर सोडलं तर लावा. रोजच्या भुंकण्यासाठी लावत बसू नका.

आवाजाचा नियम सगळे सांगतात पण अर्धवट सांगतात. ध्वनी प्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत, राहत्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. मर्यादेपेक्षा दहा डेसिबल किंवा जास्त आवाज गेला तर तक्रार करता येते. पण ही मर्यादा ठराविक वेळातल्या सरासरीची असते. मोठं कुत्रं जवळून भुंकलं तर ऐंशीच्या वर सहज जातं, पण ते मधे मधे थांबतं, त्यामुळं सरासरीत आकडा खाली येतो. नुसत्या डेसिबलवर भांडू नका, किती वाजता आणि किती वेळ ही वहीच जास्त बोलते.

एक कायदा मात्र लोकांना माहितीच नाही आणि तो नेमका मुळाला हात घालतो. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याला प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा. त्याच्या कलम ११ मधे कुत्र्याला अवाजवी वेळ, आखूड किंवा जड साखळीनं बांधून ठेवणं, आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला व्यायाम न देणं, ही क्रूरताच धरलीय. म्हणजे तुमच्या झोपेचं आणि त्या कुत्र्याचं दुखणं एकच आहे. दंड अगदी किरकोळ आहे, पहिल्या वेळी दहा ते पन्नास रुपये, त्यामुळं धमकी म्हणून वापरू नका. पण कुत्रं उन्हात उपाशी-तहानलेलं बांधलेलं असेल तर एखाद्या प्राणीमित्र कार्यकर्त्याला सोबत घेऊन मालकाशी बोला. हे लोक शिव्या न देता मालकाला कुत्रं कसं सांभाळायचं ते शिकवतात, आणि कायद्याच्या बोटापेक्षा त्याचाच जास्त उपयोग होतो.

७. कोर्टाच्या आधीचा फुकट रस्ता

जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. दावा न लावता, दाखलपूर्व प्रकरण म्हणून तिथं अर्ज देता येतो. ते दोन्ही बाजूंना बोलावतात, मध्यस्थी करतात, आणि लोक अदालतीत तडजोड झाली तर ती दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखीच मानली जाते, त्यावर अपील नाही, कोर्ट फी नाही. बायकांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्नाची अट न बघता वकील पण मोफत मिळतो. हे सोडून लोक थेट वकिलाकडं पळतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

तडजोडीत अटी स्पष्ट लिहून घ्या. "काळजी घेऊ" हे नको. "रात्री दहा ते सहा कुत्रं घरात राहील, सकाळ-संध्याकाळ फिरवलं जाईल, गेटला आडोसा एका महिन्यात लावला जाईल" असं हवं.

हेही फसलं तर दिवाणी न्यायालयात मनाई हुकमाचा दावा. तो वेळखाऊ आहे, पैसे लागतात, आणि त्यानंतर त्या शेजाऱ्यासोबत गल्लीत राहायचं असतं. घरात गंभीर आजारी माणूस असेल आणि बाकी सगळं करून झालं असेल तरच तिकडं वळा.

सोबत ठेवायची फाईल

- नोंदवही किंवा तिची झेरॉक्स
- रेकॉर्डिंग, मूळ फोनमधेच ठेवा, डिलीट करू नका आणि काटछाट करू नका
- चिठ्ठीची प्रत, सोसायटीच्या अर्जाची पोच, एनसीची प्रत
- आधार आणि पत्त्यासाठी लाईट बिल, भाडेकरू असाल तर भाडेकरार
- इतर शेजाऱ्यांच्या सह्या, फक्त ज्यांना खरंच त्रास आहे त्यांच्या
- आजारपण असेल तर डॉक्टरचा कागद, परीक्षा असेल तर हॉल तिकीट

हे अजिबात करू नका

दगड, फटाका, गरम पाणी, विष. रागाच्या भरात कोणी सुचवतं पण. कुत्र्याला विष घालणं, मारणं, लंगडं करणं याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे. आणि कायदा बाजूला ठेवा, त्या जिवाचा काय दोष, त्याला तर कोणीतरी आणून तिथं बांधलंय.

करंट देणारे पट्टे मालकाला सुचवू नका. कुत्रं गप्प होतं ते भीतीनं, मूळ कारण तसंच राहतं आणि मग ते चावायला लागू शकतं. बाजारात मिळणारी, माणसाला ऐकू न येणारा आवाज काढणारी यंत्रं काही कुत्र्यांवर चालतात, काहींवर अजिबात नाही, आणि बरीचशी कुत्री थोड्या दिवसांत सरावतात.

शेजाऱ्याची जात, भाषा, खाणं यावर एक शब्द काढू नका. विषय कुत्र्याचा आहे. एकदा तो दुसरीकडं गेला की परत येत नाही, आणि पुढं कोणीही मध्यस्थी करायला तयार होत नाही.

भुंकणारी कुत्री मोकाट असतील तर

हा रस्ता वेगळा. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार मोकाट कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजचं लसीकरण करायची जबाबदारी महापालिकेची आहे, आणि त्यानंतर कुत्रं ज्या भागातून नेलं तिथंच परत सोडायचं असतं. सर्वोच्च न्यायालयानं २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात पण हेच ठेवलं, फक्त रेबीज झालेली आणि आक्रमक कुत्री वगळली, आणि रस्त्यात कुठंही खायला न घालता ठरवून दिलेल्या जागीच घालायचं असं सांगितलं. म्हणून "कुत्री कायमची घेऊन जा" असा अर्ज न करता "आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांची नसबंदी करा" असा अर्ज करा. नसबंदीनं माजाच्या काळातली भांडणं आणि कळपाचा गोंधळ कमी होतो, ओळखीच्या नसलेल्या माणसावर भुंकणं मात्र राहतं. रात्री उशिरा गेटसमोर खरकटं टाकायची सवय असेल तर ती आधी बंद करा, कुत्र्यांचा रात्रीचा अड्डा तिथंच जमतो. खायला घालणारे कोणी असतील तर त्यांच्याशी बोलून जागा आणि वेळ ठरवा, जिना, मुलांची खेळायची जागा, येण्याजाण्याची वाट सोडून.

आणि कुत्रं तुमचंच असेल तर

असे पण वाचणारे असणार. शेजारी पहिल्यांदा बोलायला येईल तेव्हा त्याला आत बोलवा, चहा द्या आणि नेमकं किती वाजता ते विचारून लिहून घ्या. तुम्ही घरात नसताना काय होतं ते बघायला जुना मोबाईल रेकॉर्डिंगला लावून जा. रात्री झोपायला आत घ्या, कूलरच्या आवाजात बाहेरचं कमी ऐकू येतं आणि कुत्रं लवकर झोपतं. भुंकलं की तुम्ही पण ओरडू नका, त्याला वाटतं तुम्ही पण सोबत भुंकताय. जवळ जा, त्याचं लक्ष दुसरीकडं वळवा, आणि गप्प बसलं की लगेच शाबासकी आणि खाऊचा तुकडा द्या, भुंकत असताना नको. बाहेर जाताना चघळायला काहीतरी ठेवा. दोन-तीन आठवडे रोज केलं तर फरक दिसतो, अध्येमध्ये सोडलं तर पहिल्यापासून सुरू करावं लागतं. तरीही फरक नाही पडला तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन कान, दात आणि सांधे तपासून घ्या, आणि लसीचं कार्ड सोबत न्यायला विसरू नका.